मामंजींची ट्रंक, पांढरा एप्रन आणि लॉजचं शंभरावं वर्ष

माजघर

नमस्कार मंडळी. मी एरवी लोणच्यांच्या आणि गुडघेदुखीच्या धाग्यांवर असते. आज विषय भलताच आहे.

आमचा शनिवार पेठेतला वाडा पुढच्या महिन्यात बिल्डरच्या ताब्यात जाणार. माळा रिकामा करताना मामंजींची हिरवी पत्र्याची ट्रंक निघाली. मामंजी १९९४ साली गेले, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. आत कातड्याची एक चपटी पेटी. तिच्यात पांढरा एप्रन, कडेने फिकट निळी फीत, त्यावर निळ्या फितीची तीन फुलं आणि दोन बाजूंना चांदीसारख्या साखळ्यांचे झुबके. पांढरे हातमोजे, आता चहाच्या रंगाचे झालेले. निळ्या रुंद फितीत अडकवलेला एक बिल्ला, त्यावर पिसांच्या दोन लेखण्या एकमेकींवर फुलीसारख्या. आणि तळाला जाडजूड रजिस्टर. त्याची खालची चार बोटं पाण्यानं फुगून विटकरी झालीत, पानं पापडासारखी.

मामंजी दर महिन्याला काळा सूट चढवून कॅम्पात जायचे आणि रात्री अकराला परत यायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. सासूबाई त्याला जादूघर म्हणत. लग्नानंतर पहिल्यांदा मी "मामंजी लॉजवर गेलेत" असं ऐकलं तेव्हा स्वारगेटसमोरचं लॉजिंग-बोर्डिंग डोळ्यांसमोर आलं होतं आणि मी दोन दिवस घाबरून गप्प होते.

आता योगायोग असा, की त्याच आठवड्यात यजमानांच्या नावे पत्र आलं. मामंजींच्या फ्रीमेसन लॉजला, म्हणजे त्या बंधुसंघाच्या शाखेला, शंभर वर्षं होतायत, जुन्या सभासदांच्या कुटुंबीयांनी साडेसातला जेवणाला यावं. विचारायचं हे: तिथे नक्की होतं काय? बायकांनी जायचं का? आणि या एप्रनचं काय करायचं? मामंजी गेले तेव्हा सुटातले दोन गृहस्थ येऊन एप्रन अंगावर घालायचं काहीतरी विचारत होते. सासूबाईंनी दारातूनच नाही म्हणून सांगितलं होतं. सासूबाई आता ९१ वर्षांच्या आहेत, कान तेवढे गेलेत, बाकी सगळं शाबूत.

शंकासुर

जाऊ नका. हे लोक इल्युमिनाटी असतात, गुप्त टोळीवाले. यूट्यूबवर बघा, डोळा, त्रिकोण, सगळं आहे.

ओळंबा

माजघर ताई, मी या मंडळींपैकीच. १९८६ पासून. दोनदा लॉजचा मास्टर, म्हणजे प्रमुख, झालो, आता मागच्या बाकावरचा म्हातारा. माझा बाप खरा गवंडी होता, सातारा रस्त्यावरच्या निम्म्या बंगल्यांच्या चौथऱ्यांना त्याचा हात लागलाय. मेसन म्हणजे गवंडी, तेव्हा मी बँकेत खर्डेघाशी करून खोटा गवंडी झालो. माझ्या दीक्षेच्या वेळी गुण्या, पाणसळ आणि ओळंबा समोर मांडलेले बघितले आणि हसू आवरेना. लहानपणी हीच अवजारं मी बापाच्या पिशवीतून वाहिली होती.

आधी तुमच्या बिल्ल्याचं. फुली मारलेल्या दोन लेखण्या म्हणजे सेक्रेटरी. मास्टरच्या गळ्यात गुण्या, त्याच्या हाताखालच्या सीनियर वॉर्डनच्या पाणसळ, ज्युनियर वॉर्डनच्या ओळंबा. एप्रनवरची तीन फुलं म्हणजे तीनही पायऱ्या चढलेला मास्टर मेसन. लॉजचा मास्टर झालेल्या माणसाच्या एप्रनवर फुलांच्या जागी उलट्या टी अक्षरासारख्या चांदीच्या खुणा येतात. तेव्हा तुमचे सासरे खुर्चीत बसले नाहीत, लिहीत बसले. असा एक माणूस नसेल तर लॉज सहा महिन्यांत झोपतं. एप्रन त्यांच्या मालकीचा, तुम्ही ठेवा. तो माणसाबरोबर शेवटच्या प्रवासाला द्यायची पद्धत आहे, म्हणून ते दोघे विचारत होते. गळ्यातला बिल्ला मात्र लॉजचा. तीस वर्षांचं भाडं मागणार नाही, पण परत द्या.

बायकांचं: आमच्या पंथाच्या लॉजमध्ये फक्त पुरुष. हे तुम्हाला पटणार नाही आणि माझ्या मुलीलाही पटत नाही. बायका आणि पुरुष दोघांना घेणारी को-मेसनरी वेगळी. अ‍ॅनी बेझंट बाईंनी ती हिंदुस्थानात आणली, तिचा आमचा अधिकृत संबंध नाही. म्हणूनच पत्रात साडेसातची वेळ आहे. पाच ते सात बंद दाराआड, साडेसातला सगळे.

बंद दाराआड काय होतं ते सांगतो, यात गुपित काही नाही. गुपित फक्त ओळखीच्या खुणा आणि शब्द.

शंभरीचा कार्यक्रम म्हणजे खरं तर कागदपत्रांचा कार्यक्रम. ऐकायला नीरस वाटेल. प्रत्येक लॉजला वरच्या ग्रँड लॉजचं एक सनदपत्र असतं, त्याला वॉरंट म्हणतात. ते जागेवर नसेल तर आमच्या इंग्लिश कॉन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे लंडनच्या ग्रँड लॉजच्या नियमांखाली, लॉज उघडताच येत नाही. शंभर वर्षं झाली की लंडनच्या युनायटेड ग्रँड लॉजकडे अर्ज करायचा, मध्ये खंड पडला नाही हे दाखवायचं, मग शताब्दीचं वेगळं वॉरंट मिळतं आणि सभासदांना छातीवर शताब्दीचं पदक लावता येतं. दोनशे झाली की त्याच्या फितीवर एक पट्टी वाढते.

त्या दिवशी आधी आम्ही नेहमीसारखं लॉज उघडतो. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, पूर्वेला मास्टर, पश्चिमेला सीनियर वॉर्डन, दक्षिणेला ज्युनियर. उत्तरेला अधिकारी कुणी नाही. दाराबाहेर उघडी तलवार घेऊन टायलर. मग दारावर थाप पडते आणि डिस्ट्रिक्टचे, म्हणजे इथल्या विभागाचे, ग्रँड मास्टर मिरवणुकीनं आत येतात. पुढे काठ्या घेतलेले दोघे-दोघे, आणि सगळ्यांना ओळीत ठेवणारा डायरेक्टर ऑफ सेरेमनीज. आमचा हा डायरेक्टर रिटायर्ड सुभेदार मेजर होता. त्याच्यासमोर ग्रँड मास्टरचाही पाय चुकला तर तो नुसता बघायचा, आणि ते बघणं पुरे व्हायचं. मग मूळ वॉरंट मोठ्यांदा वाचतात, लॉजचा इतिहास वाचतात, प्रार्थना म्हणणारा अधिकारी, चॅप्लिन, चार शब्द बोलतो, नवं वॉरंट मास्टरच्या हाती देतात. धान्य, वाइन, तेल आणि मीठ घेऊन प्रदक्षिणा घालतात तो विधी वेगळा, नवं लॉज स्थापन होताना. आम्ही एका नव्या लॉजच्या वेळी ते केलं तेव्हा धान्याच्या भांड्यात गहू होते. माझ्या शेजारचा पारशी भाऊ कानात म्हणाला, आता फक्त नारळ राहिला.

आणि ताई, सासूबाईंना सांगा, शपथ ज्याची त्याच्या ग्रंथावर. मी गीतेवर घेतली. बायबल, कुराण, अवेस्ता सगळं एकाच चौरंगावर असतं. मास्टरला 'वर्शिपफुल' म्हणतात ते पूजा करायची म्हणून नव्हे, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता 'आदरणीय'.

शंकासुर, इल्युमिनाटी १७७६ मध्ये बव्हेरियात निघाली आणि १७८५ पर्यंत सरकारनं बंदी घालून संपवली. आमच्याकडे जो डोळा आहे त्याला या वयात चष्मा लागतो.

डबल_का_मीठा

मी बाहेरचा माणूस, पण स्वयंपाकघरातून बघितलंय. माझे वडील कॅम्पात केटरिंग करायचे, मेसॉनिक हॉलची जेवणं वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होती. दहावीच्या सुट्टीत मी वाढायला गेलो. वडिलांनी बजावलं होतं, आवाज झाला तर घाबरू नकोस. मी सूपच्या वाट्या उचलत होतो आणि एकदम साठ माणसांनी एका तालात ग्लास टेबलावर आपटले. बंदुकीचा बार काढल्यासारखं. माझ्या हातून दोन वाट्या गेल्या. त्या ग्लासांची बुडं मुद्दाम जाड असतात, बोटभर काच. त्याला ते 'फायर' म्हणतात. वडील त्या ग्लासांना हातोडे म्हणायचे आणि वेगळ्या टोपलीत धुवायचे, कारण बाकीचे ग्लास त्यांच्या धक्क्यानं फुटायचे.

जेवण मात्र फार साधं हो. रोस्ट चिकन, कटलेट, कॅरॅमल कस्टर्ड, शाकाहारींना भाज्यांचा कसलातरी बेक. ताई, घरून थोडं खाऊन जा.

ईलिंगकर

लंडनहून. माझे इथले साहेब मेसन आहेत, त्यांच्या लॉजच्या जेवणाला दोनदा गेलोय. इथे आता फार काही लपवत नाहीत, ग्रेट क्वीन स्ट्रीटवरचं त्यांचं मुख्यालय लोकांना फिरून बघता येतं. २०१७ मध्ये ३०० वर्षं झाली तेव्हा रॉयल अल्बर्ट हॉल भरला होता. २४ जून १७१७ ला सेंट पॉल्सच्या अंगणाजवळच्या 'गूज अँड ग्रिडायर्न' नावाच्या दारूगुत्त्यात लंडनची चार लॉजेस एकत्र आली, तिथून ते मोजतात. स्कॉटलंडवाले यावर नाक मुरडतात. एडिनबराच्या एका लॉजकडे १५९९ पासूनची मिनिट्स, म्हणजे सभांच्या नोंदी, आहेत.

मला एक कळत नाही, हिंदू माणसं यात कधी आणि कशी शिरली?

ओळंबा

ईलिंगकर, सुखासुखी नाही शिरली. मुंबईत माणेकजी करसेटजी नावाचे पारशी गृहस्थ होते. पुढे मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली तेच. त्यांना इथल्या साहेबांच्या लॉजनं घेतलं नाही. ते युरोपात गेले आणि पॅरिसमध्ये मेसन होऊन परत आले. आता बसवा बाहेर! शेवटी जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरनं १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं, खास हिंदुस्थानी लोकांना येता यावं म्हणून. पारशी आणि मुसलमान लवकर आले. हिंदूंवर बराच काळ घोळ चालला, यांचे देव अनेक, मग यांना एका परमेश्वरावर विश्वास ठेवणारे म्हणायचं की नाही. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त या गृहस्थांनी वर्षानुवर्षं भांडून १८७२ मध्ये दार उघडून घेतलं. त्याच शहरात १८८४ मध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण 'अँकर अँड होप' लॉजमध्ये आला. त्याला आपण विवेकानंद म्हणून ओळखतो.

सोहळ्यांचा सोस तेव्हापासूनच. खरशेदजी रुस्तमजी कामांच्या मेसन म्हणून पन्नाशीचा मुंबईकरांनी असा गाजावाजा केला, की १९०७ मध्ये त्याचा एक जाडा ग्रंथच निघाला, संपादक जीवनजी जमशेदजी मोदी. आपल्याकडे सत्यनारायण, त्यांच्याकडे ज्युबिली व्हॉल्यूम.

माजघर

सगळ्यांचे आभार. ओळंबा काका, बिल्ला आणते बरोबर.

काल रजिस्टर गॅलरीत ऊन दाखवायला ठेवलं आणि जरा वाचलं. सगळं इंग्रजी, मामंजींचं अक्षर, मोत्यासारखं. प्रत्येक सभेचं सुरुवातीचं वाक्य तेच, कोण हजर, कोण गैरहजर, कुणाच्या आजारपणाला किती रुपये पाठवले. सुरुवात १९५३ ची. एका सभेला वीज गेली म्हणून सगळं मेणबत्तीवर केलं आणि 'बंधूंच्या मते त्यामुळे प्रकाशाच्या विधीला अर्थ आला' असं लिहिलंय. आमच्या घरात मामंजी कधी विनोद करताना दिसले नाहीत हो. शेवटची नोंद १९६१ च्या जुलैतली, पहिल्या आठवड्यातली. पुढे कोरी पानं. तीच पानं सगळ्यात जास्त भिजलीत. यांना म्हटलं, इस्त्री करून सरळ करू का.

ओळंबा

ताई, इस्त्री करू नका. ऊन पण नको. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टिपकागद किंवा कोरा वर्तमानपत्राचा कागद घालून ठेवा. हात जोडतो.

जुलै १९६१ म्हणजे पानशेत. १२ जुलैला धरण फुटलं. आमच्या लॉजचं एक मिनिट बुक आहे, ऑगस्ट १९६१ ला सुरू होतं आणि त्याच्या पहिल्या पानावर सेक्रेटरीनं लिहिलंय, की मागचं पुस्तक गोषवारा काढायला घरी नेलं होतं ते पुरात गेलं, याबद्दल दिलगीर आहे. मी स्वतः वाचलंय. पुढच्याच नोंदी पूरग्रस्तांच्या वर्गणीच्या. मग नोव्हेंबरात दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली, रामपूरचे नवाब तिचे पहिले ग्रँड मास्टर, आणि प्रत्येक लॉजला ठरवायचं होतं, नव्या भारतीय ग्रँड लॉजकडे जायचं की जुन्या घरी राहायचं. आमच्यात त्यावर तीन सभा भांडण झालं. पण १९५३ ते १९६१ चं आमच्याकडे काहीच नाही. शताब्दीच्या अर्जाला आम्ही लंडनला दरवर्षी पाठवलेल्या सभासदांच्या याद्या जोडल्या, त्यावर काम भागलं. इतिहास लिहिताना मात्र त्या आठ वर्षांपुढे मी एक ओळ लिहिली होती: दप्तर पुरात नष्ट.

तुमचं लॉज आणि माझं लॉज एकच आहे, असं मला आता खात्रीनं वाटतंय. नाव इथे लिहू नका, मला निरोप पाठवा.

शंकासुर

हे जरा भारीच झालं. मागचं विधान मागे. डोळ्याचं नाही, बाकीचं.

माजघर

काल जाऊन आलो. लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते.

हॉल बाहेरून अगदी साधा. आत नेऊन दाखवला, पाच ते सातचं आटोपल्यावर. खरंच बुद्धिबळाच्या पटासारखी फरशी. तीन बाजूंना तीन खुर्च्या, उत्तर रिकामी. दोन दगड ठेवलेत, एक ओबडधोबड आणि एक घासून चौरस केलेला. माणूस आधी कसा आणि नंतर कसा व्हायला हवा, ते सांगायला. मी ओबडधोबड दगडाला हात लावला तर ओळंबा काका (सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, कल्पनेत मी यांना बुटके धरलं होतं) म्हणाले, "तो माझा."

सेक्रेटरीचं टेबल दाखवलं. त्यावर मामंजींचं रजिस्टर पांढऱ्या फडक्यावर उघडून ठेवलं होतं आणि शेजारी ऑगस्ट १९६१ चं पुस्तक. दोन्हींत अक्षर एकच. पण पहिल्यात टाक ऐटीत चाललाय आणि दुसऱ्याच्या पहिल्या पानावर 'दिलगीर' या शब्दाशी शाई फुटलीय. हे तिथं उभे राहून बराच वेळ ते पान बघत होते. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, जो स्वच्छच होता.

जेवण डबल_का_मीठा म्हणाले तसंच. भाज्यांचा बेक. मी घरून पोहे खाऊन गेले होते, आभार. ग्लास आपटले तेव्हा सांगूनही मी दचकलेच. शेजारच्या पारशी बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं ऐकत्ये, अजून दचकते." नऊ वाजले तेव्हा मास्टरनी हातोडी मारली आणि सगळे उभे राहिले. नऊला घड्याळाचे काटे काटकोनात येतात, गुण्यासारखे, म्हणून त्या वेळी जे हजर नाहीत त्या बंधूंच्या नावे पेला उचलायची रीत. माझ्या पेल्यात कोकम होतं. एरवी कुणाचं नाव घेत नाहीत म्हणे. काल घेतलं.

बिल्ला दिला. रजिस्टर फोटो काढून झाल्यावर लॉजकडेच राहील, आम्हाला प्रती मिळतील. एप्रन परत आणलाय.

घरी आलो तर सासूबाई जाग्या होत्या. पहिला प्रश्न, काय जेवलात. मग यांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सगळं सांगितलं, की बाबांचं पुस्तक सापडलं, पुरात गेलंच नव्हतं, ट्रंकेत होतं, लोकांना किती आनंद झाला. त्या पदरानं डोळे टिपतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "ते मीच वर नेलं होतं. पाणी उंबऱ्याशी आलं, एका काखेत तू आणि एका काखेत ते. जड होतं."

मग मामंजींना सांगायचं नाही का, असं मी विचारलं. मला तीनदा ओरडावं लागलं.

"वाहून गेलं म्हटलं की नाद सुटेल असं वाटलं," त्या म्हणाल्या. "धान्याच्या कोठीत घालून ठेवलं. ते गेल्यावर ट्रंकेत टाकलं. नाद कसला सुटतोय, दुसऱ्या महिन्यात नवीन वही विकत घेऊन आले, माझ्याच भिशीच्या पैशांतून."

एप्रन कुठे ठेवू विचारलं, तर म्हणाल्या, देवघराजवळ नको.

ओळंबा

ताई, इतिहासातली ती ओळ मी बदलतो आहे. कोठीत कुठलं धान्य होतं तेवढं विचारून ठेवा.

माजघर

जोंधळे.